बिनदुधाचा उन्हाळा

परवा शनिवारी मी पुन्हा एकदा केळी सालासकट फ्रीझरमध्ये टाकली. चांगली पिकलेली, अंगावर ठिपके आलेली सहा केळी. रविवारी सकाळी बाहेर काढली तर काळीठिक्कर आणि दगडासारखी. साल सुटेना. सुरी लावली तर ती घसरून अंगठ्याला चाटून गेली. गरम पाण्याच्या नळाखाली धरली तर वरून चिखल आणि आत बर्फ असं काहीतरी हाताला लागलं. ओट्याला टेकून आमची जुई हे सगळं बघत होती. पुढच्या महिन्यात तिला आठ पूर्ण होतील. पण अशा वेळी तिचा चेहरा माझ्या ऑफिसातल्या साहेबासारखा होतो.

“बाबा, यू डिड इट अगेन.”

“अगेन म्हणजे? तू कुठं होतीस त्या वेळी?”

“आय वॉज इन द ग्लास बॉक्स,” ती म्हणाली. “बट आय नो. पील फर्स्ट, देन फ्रीझ. एव्हरीबडी नोज.”

‘मी तेव्हा शाळेत होते’ म्हणावं इतक्या सहज ती ‘मी तेव्हा काचेच्या पेटीत होते’ म्हणते. तिच्या लेखी ती एक गोष्ट आहे. आमच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या माझ्या पुष्कळ फजित्यांपैकी एका फजितीची पार्श्वभूमी. मी हातातलं काळं केळं कचऱ्यात टाकलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

मी रंगाच्या कंपनीत केमिस्ट आहे. कोणता पदार्थ किती अंशांना घट्ट होतो आणि किती अंशांना सुटतो, हे सांगण्याबद्दल मला पगार मिळतो. केळ्यांना बहुधा हे कळवलेलं नसावं.

जून आला की ॲन आर्बरच्या बाहेरच्या रस्त्यांवर शेतांपुढे हातानं रंगवलेले बोर्ड लागतात. स्ट्रॉबेरी. स्वतः तोडा. दर वर्षी मी ते बोर्ड आनंदानं बघतो. या वर्षी पहिला बोर्ड दिसला आणि मी गाडी कडेला घेतली. नीला शेजारी होती. नीला म्हणजे माझी बायको. “पंक्चर का?” असं तिनं विचारलं. “नाही,” मी म्हटलं. “उगीच.” दोघंही त्या बोर्डाकडे बघत बसलो.

फेब्रुवारीत चिपळूणला आई गेली. इथं बर्फ पडत होता, विमानं खोळंबली होती. मी पोहोचलो तो थेट दहाव्याला.

*

आई एकदाच अमेरिकेत आली होती. एक्याऐंशीच्या जूनमध्ये, नीलाच्या पहिल्या बाळंतपणाला. बाळंतपण सप्टेंबरच्या शेवटी, पण तिकीट जूनचं मिळालं म्हणून जूनमध्ये. बॅगेत डिंक, अळीव, खारका, बाळंतशेपा आणि पंच्यात गुंडाळलेला पितळी बाळकृष्ण. कस्टमच्या माणसानं डिंकाचा खडा उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. आईला प्रश्न कळला नाही, पण प्रश्न आहे हे कळलं. तिनं हातानं मोठ्ठं पोट करून दाखवलं. त्या माणसानं हसून बॅग बंद केली. आई पुढं कित्येक दिवस म्हणत होती, “इथली माणसं समजूतदार आहेत हो. इंग्रजी येत नसलं तरी चालतं.”

पहिल्याच शनिवारी आम्ही तिला स्ट्रॉबेरीच्या शेतावर नेलं. नऊवारी नेसलेली आई, पायात नीलाचे कॅनव्हासचे बूट, डोक्याला माझी टोपी. दोन ओळींमध्ये वाळलेलं गवत पसरलेलं होतं. त्याचा उन्हानं तापलेला वास आणि त्यात मिसळलेला फळांचा गोड वास. मी दर दहा मिनिटांनी कंबर धरून उभा राहत होतो. आई भाताची लावणी करावी तशी वाकून जी सुटली ती ओळ संपेपर्यंत वर आली नाही. नीला सहा महिन्यांची, ओळीच्या टोकाला उपड्या बादलीवर बसून आम्हा दोघांकडे बघून हसत होती.

पहिलं फळ हातात घेऊन आईनं फिरवून फिरवून पाहिलं.

“अरे श्री, याच्या बिया बाहेर रे!”

“हो.”

“सगळं गुपित अंगावर घेऊन हिंडतंय मेलं.” आणि खाल्लं. डोळे मिटले. “आंबट आहे जरासं. पण मनानं चांगलं आहे.”

त्या फळांचं काय करायचं ते आमच्या समोरच्या मिसेस कॉलिन्सनी शिकवलं. धुवायची, देठ काढायचे, कोरडी करायची, ताटात एकमेकांना न चिकटता मांडायची, ताट तसंच फ्रीझरमध्ये. दगड झाली की मग पिशवीत भरायची. म्हणजे गोळा होत नाही, हवं तेवढं मूठभर काढता येतं. आईला ही युक्ती फार आवडली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. दोघी ओट्यापाशी उभ्या राहून तासभर गप्पा मारत होत्या. पिशवीवर तारीख घाला, असं मिसेस कॉलिन्सनी खुणेनं सांगितलं. आईनं मार्कर घेतला आणि प्रत्येक पिशवीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ज्येष्ठ वद्य तृतीया.

चौदा पिशव्या झाल्या. हिवाळ्यात बाळाची आई खाईल, असं ठरलं होतं.

*

जुई जुलैच्या मध्यावर जन्माला आली. दहा आठवडे आधी.

या वाक्याच्या पुढं मला आजही नीट लिहिता येत नाही. टेकडीवरच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात एका लांबट खोलीत काचेच्या पेट्या होत्या आणि त्यांतल्या खिडकीकडून तिसऱ्या पेटीत आमची मुलगी होती. तिच्या मनगटात माझ्या बोटातली अंगठी सहज गेली असती. छाती वरखाली होत होती, ती मोजत मी उभा राहायचो. मध्येच थांबली की माझीही थांबायची. वजन सव्वा किलो.

“सव्वा,” आई म्हणाली. “सव्वा शुभ असतं.”

आजीला आत सोडत नसत. ती बाहेरच्या मोठ्या काचेशी उभी राहायची, म्हणजे दोन काचांपलीकडे नात. पहिल्या दिवशी तिनं मला एकच प्रश्न विचारला.

“दूध पिते का?”

मी समजावून सांगितलं. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांना चोखता येत नाही, पोटही तयार नसतं, म्हणून शिरेतून देतात, मग नाकातल्या नळीतून थेंब थेंब. बोलताना मी हातानं आकृती काढत होतो. अडचणीत सापडलो की मी आकृत्या काढतो.

“म्हणजे तोंडाला लागत नाही,” आई म्हणाली.

घरी आल्यावर मी चहा केला. तिनं कप बघितला आणि बाजूला सारला. “माझ्यात दूध घालू नकोस. तिच्या तोंडाला दूध लागून ती आपल्या पायरीवर येईपर्यंत माझ्या तोंडाला नको. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूपसुद्धा नाही.”

“आई, त्याचा याच्याशी काय संबंध?”

“संबंध तू लाव. तू शिकलेला.”

असं काहीतरी सोडण्याची तिची सवय जुनीच होती. माझ्या मॅट्रिकच्या निकालापर्यंत तिनं चहा सोडला होता. मला अमेरिकेचा व्हिसा मिळेपर्यंत भात सोडला होता, आणि कोकणातल्या बाईनं भात सोडणं म्हणजे माशानं पाणी सोडण्यासारखंच. प्रत्येक वेळी ती नीट बोलून सोडायची: काय सोडलं, कुणासाठी, कधीपर्यंत. देवाशी बोलतानाही तिचं वाक्य अर्धवट नसे. मी त्याची चेष्टा करायचो. पास झालो आणि व्हिसाही मिळाला, तेव्हाही चेष्टाच करत होतो.

*

पण ताकभातावर जगणाऱ्या बाईचं ताक गेलं. त्यात चातुर्मास लागला, कांदा-लसूण गेला. ब्रेडमध्ये अंडं असेल म्हणून ब्रेड आधीपासूनच नव्हता. उरलं काय? कोरा चहा, वरणभात, उकडलेला बटाटा. नीलाला घरी आणलं होतं. तिच्यासाठी आई साग्रसंगीत बाळंतिणीचं करायची, डिंकाचे लाडू तुपात वळायची, आणि हात धुऊन स्वतः दोन घास वरणभात खायची. ऑगस्टच्या सुरुवातीला हॉस्पिटलच्या त्या काचेशी उभी असताना ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली. एका नर्सनं धावत येऊन नाडी पाहिली. मला बाजूला घेऊन म्हणाली, या बाईंना खायला घाला. आम्हाला इथं आणखी एक पेशंट नको.

मी ते फार मनावर घेतलं. पेटीतल्या मुलीसाठी मला काही करता येत नव्हतं. नीला दर तीन तासांनी त्या घरघरणाऱ्या यंत्रापाशी बसून स्वतःचं दूध काढायची. थोडं, पण काढायची. बाटलीवर पट्टी चिकटवून ती फ्रीझरमध्ये ठेवायची, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात न्यायची. तिच्याकडे काम होतं. आईकडे व्रत होतं. माझ्याकडे कार चालवणं होतं. म्हणून मी ब्लेंडर काढला.

फ्रीझर उघडला की डावीकडे नीलाच्या दुधाच्या छोट्या बाटल्या आणि उजवीकडे आईच्या हातची ज्येष्ठ वद्य तृतीया. मी केळी आणली आणि अर्थातच सालासकट आत टाकली. दुसऱ्या दिवशी मिसेस कॉलिन्स कॅसरोल घेऊन आल्या तेव्हा मी केळ्याला किसणी लावत होतो. त्यांनी माझ्या हातातून किसणी काढून घेतली. आधी सोल, म्हणाल्या, मग चकत्या कर, मग गोठव. आणि पाणी ओतू नकोस, नुसता संत्र्याचा रस, बुडाला लागेल एवढाच. धीर धर.

गोठलेल्या फळांवर ब्लेंडर पहिल्यांदा नुसता दात खातो. खडखड, खडखड, पाती अडकते, मोटर तापल्याचा वास येतो. थांबायचं. झाकण काढून लाकडी उलथन्यानं फळं खाली दाबायची. पुन्हा लावायचा. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज बदलतो, खडखडीची घुसळण होते आणि मधोमध एक खळगा पडून सगळं आपसूक आत वळू लागतं. तो आवाज आला की समजायचं, झालं. थेंबभर दूध नसताना केळं साईसारखं होतं आणि स्ट्रॉबेरी त्याला लाल करते.

हे मी आज सांगतोय. तेव्हा मला धीर नव्हता. मी पाणी ओतायचो आणि आईपुढं लाल पाण्याचा पेला ठेवायचो. ती शहाण्यासारखी प्यायची. “पन्ह्यासारखं आहे,” म्हणायची. “लाल पन्हं.” पण अर्धा पेला उरायचा आणि तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे आणखी सरकायच्या.

अंगाला लागेल असं काहीतरी यात पडायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं. आमच्या लॅबमध्ये कॉफीच्या टेबलावर एक पांढरी पूड असायची, दुधाऐवजी घालायची. डब्यावर ठळक अक्षरं: नॉन-डेअरी. मी दुकानातून तसाच डबा आणला. दोन मोठे चमचे. पेला एकदम दाट, गुलाबी, मऊ झाला.

आईनं घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“श्री, यात साय घातल्यासारखं लागतंय रे.”

“नाही आई. बिनदुधाचं आहे. डब्यावर लिहिलंय.”

तिनं डबा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा आत होता आणि अक्षरं इंग्रजी.

“तू वाचलंस ना?”

“वाचलं.”

“मग झालं.” आणि तिनं पेला रिकामा केला. माझ्याकडे पेला परत देताना तिच्या वरच्या ओठावर गुलाबी रेघ होती. मला इतकं बरं वाटलं, जणू मी काहीतरी शोध लावला होता.

नऊ दिवस ती ते प्याली. गालांवर थोडी तकाकी आली. त्याच नऊ दिवसांत जुईनं पन्नास ग्रॅम धरले. नळीतून दूध जिरत होतं. आई काचेतून आत बघून म्हणायची, “बघ. लागतंय हो अंगाला.” कुणाच्या अंगाला, ते तिनं सांगितलं नाही.

*

दहाव्या दिवशी दुपारी लॅबमध्ये कॉफी गळायची वाट बघत मी उभा होतो. हाताला चाळा म्हणून तो डबा उचलला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मक्याच्या पाकाची भुकटी, कसलंसं तेल आणि तिसऱ्या जागी सोडियम केसिनेट.

ज्याला रसायन कळत नाही त्याला तो शब्द कसलाच वाटला नसता. पण मी पोट भरतो ते अशाच शब्दांवर. केसिन म्हणजे दुधाचं सत्त्व. दूध नासलं की जे खाली बसतं ते. पूर्वी त्याचे रंग करत. माझ्या पाठीमागच्या फडताळात त्याची बरणी होती. मी स्वतः तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती. कायद्याच्या हिशेबानं ते दूध नव्हतं, म्हणून पुढं ठळक अक्षरात नॉन-डेअरी लिहिणं खोटं नव्हतं. पण आईचा कायदा वेगळा होता. आणि तिच्या कायद्यात मला फक्त एकच काम दिलेलं होतं: वाचणं.

कॉफी तशीच टाकून निघालो. वाटेत स्वतःला समजावत होतो: अरे, तू शास्त्रज्ञ आहेस. चिपळूणच्या एका म्हातारीनं घशाखाली काय उतरवलं याचा टेकडीवरच्या पेटीशी काही संबंध नाही. संबंध तू लाव, ती म्हणाली होती. मी संबंध नाही हे सिद्ध करत करत हॉस्पिटलात पोहोचलो.

नीला खोलीच्या दाराशी उभी होती. हातात बाटली. घरून आणलेल्या बाटलीवर अजून बर्फाचा धूसर थर होता, आणि ती कुणी तिच्या हातातून घेत नव्हतं.

“दूध बंद केलंय,” ती म्हणाली. “पोट फुगलंय तिचं. इन्फेक्शन असेल म्हणतात. सगळं बंद. नळी काढली.”

मी बाटली तिच्या हातातून घेतली. इतकंच सुचलं. तिचे हात बाटलीच्या आकारातच राहिले.

पेटीत जुई राखाडी दिसत होती. मी माणसाचं बाळ त्या रंगाचं कधी पाहिलं नव्हतं. आणि रंग हा माझा व्यवसाय आहे.

आठवडा जाईल की दोन, की काय, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मी गाडीत जाऊन बसलो. ऊन होतं. स्टिअरिंग तापलं होतं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्यानं म्हटलं, “ठीक आहे. मी सोडतो दूध.” कुणाला म्हटलं ते मला माहीत नाही. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली.

घरी आई ओट्याशी बसली होती, रिकामा पेला समोर ठेवून.

“पिते का?”

“पिते,” मी म्हटलं. “थोडं थोडं.”

आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक लठ्ठपणाविषयी आणि आयकराविषयी. ही थाप त्यांच्यात बसत नाही. घरातला डबा मी तिची नजर चुकवून गाडीच्या डिकीत लपवला. फ्रीझरमधून केळ्याच्या चकत्या काढल्या, स्ट्रॉबेरी काढली, चार चमचे रस घातला आणि पहिल्यांदाच धीर धरला. थांबलो, दाबलं, लावला. पुन्हा थांबलो. त्या खडखडाटात मला रडता आलं, ब्लेंडरचा तेवढा उपयोग झाला.

आईनं घोट घेतला. पेला उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, “आज नुसतं फळाचं लागतंय. हे बरं आहे.”

तिला काही कळलं होतं का? आठ वर्षं मी हा प्रश्न उलटसुलट करून पाहतो आहे.

*

आठव्या दिवशी पोट उतरलं. नवव्या दिवशी नळीतून पहिलं दूध दिलं, एक मिलिलीटर. आमच्या लॅबमध्ये एवढं पिपेटच्या टोकाला चिकटून वाया जातं. नीलानं ते नळीतून उतरताना पाहिलं आणि वळून माझ्या खांद्याला कपाळ टेकलं. आम्ही दोघांनीही आईला त्या नऊ दिवसांबद्दल काही सांगितलं नाही. नीलाला वाटलं, त्यांना त्रास नको म्हणून. मी तिला तसं वाटू दिलं.

पुढचे दिवस मी पिशव्यांनी मोजले. सहा राहिल्या तेव्हा नळी जाऊन छोटी बाटली आली. मध्ये पीच आले. मिसेस कॉलिन्सनी टोपलीभर दिले. सालं काढून तेही गोठवले, म्हणून स्ट्रॉबेरी पुरली. दोन पिशव्या राहिल्या तेव्हा जुई नीलाच्या छातीशी लागली. एक राहिली तेव्हा सप्टेंबर संपत आला होता, रस्त्यावरची मेपलची झाडं टोकांना लाल व्हायला लागली होती, आणि आम्ही जुईला पायरीवर आणलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मिसेस कॉलिन्स पलीकडच्या अंगणात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

त्या संध्याकाळी आईनं दूध तापवलं. वाटीभर बाळकृष्णापुढं ठेवलं, हात जोडले आणि दोन महिन्यांनी पहिला घोट घेतला. मग वाटी माझ्यापुढं धरली.

“घे. प्रसाद.”

आणि इथं माझी खरी अडचण झाली. आईच्या व्रताला शेवट होता. ती तो आधी बोलून ठेवायची. मी त्या तापलेल्या गाडीत नुसतं ‘सोडतो’ म्हणालो होतो. कधीपर्यंत, ते घालायचं राहून गेलं होतं. मागची बारीक अक्षरं न वाचणाऱ्या माणसानं करार केला की असाच करणार. प्यालो आणि त्याचं काही झालं तर? प्रसाद नाकारला तर ती विचारणार, आणि मग नऊ दिवसांचा तो डबा बाहेर काढावा लागणार. ती आत वळल्यावर मी मागच्या दारानं गेलो आणि वाटी टोमॅटोच्या झाडाच्या बुडाशी ओतली.

“घेतलास ना?” आतून तिनं विचारलं.

“घेतला.”

नोव्हेंबरात ती परत गेली. त्यानंतर मी दूध घेतलेलं नाही. चहा कोरा. श्रीखंड आलं की हात आडवा. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात लोक विचारतात तेव्हा पोटाला चालत नाही म्हणतो. नीलाला वाटतं, मी अमेरिकन झालो. देवावर माझा अजूनही फारसा विश्वास नाही. फक्त, जुईला ताप आला की मी कपाकडे बघतो आणि तो कोरा आहे याची खात्री करून घेतो.

आईला सांगायचं होतं. दर फोनला वाटायचं, या वेळी सांगू. तीन मिनिटांच्या फोनमध्ये दीड मिनिट ‘ऐकू येतंय का’ यातच जायचं. सांगायचं राहून गेलं, असं लोक म्हणतात. माझं राहून गेलं नाही, मी ठेवलं. तिनं ज्या एका गोष्टीवर स्वतःची नात घरी आणली असं तिला वाटत होतं, ती मोडलेली होती, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? आणि नात तर आली. मग आणलं कुणी? तिच्या नऊ दिवस बाटलेल्या व्रतानं, माझ्या बिनशेवटाच्या व्रतानं, की त्या पेट्यांमधून फिरणाऱ्या नर्सेसनी? मी हल्ली या प्रश्नाचं उत्तर शोधत नाही. नर्सेसना दर नाताळला पेढ्यांचा डबा पाठवतो.

*

त्याच रविवारी माझी केळी वाया गेल्यावर जुईनं स्वतः नवी केळी सोलली, चकत्या करून ताटात मांडल्या आणि दुपारी, माझ्याकडे पाठ करून, आजीचं पन्हं केलं. ती आजीला भेटली ती फक्त दोनदा, सुट्टीत. पण नाव तेच चालू आहे. ब्लेंडर अडला तेव्हा ती थांबली. दाबलं, पुन्हा लावला. आवाज बदलला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “हिअर दॅट? नाउ इट्स डन.” एक पेला मला दिला, एक स्वतः प्याली, आणि वरच्या ओठावरची गुलाबी रेघ तशीच ठेवून सायकल घेऊन गेली.

मी पेला हातात धरून बसलो होतो. नीलानं चहा टाकला होता. तिचा दुधाचा, माझा कोरा. शनिवारी तोडलेल्या फळांची टोपली समोर होती आणि ती देठ काढत होती. आणि मी सांगायला सुरुवात केली. डबा, बारीक अक्षरं, गाडीतलं ते वाक्य, टोमॅटोचं झाड. मध्ये हातानं आकृती काढायला लागलो, तेव्हा तिनं माझा हात धरून टेबलावर ठेवला. मग मी सरळ सांगितलं.

ती बराच वेळ देठ काढत राहिली. मला वाटलं, रागावली. रागवायचा तिला हक्क होता. ती बाटली हातात धरून ती उभी होती त्या दिवशी मी तिच्यापासूनही लपवलं होतं. टोपली संपली. तिनं फळं धुतली, फडक्यावर पसरली. मार्कर घेऊन पिशवीवर काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून तिथी लिहिली होती.

मग ती उठली, फ्रिजमधून दूध काढलं, पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवलं. ते वर येईपर्यंत पाठमोरी उभी राहिली. गॅस बंद केला आणि पातेलं घेऊन टेबलापाशी आली.

“पोरगी घरी येऊन आठ वर्षं होत आली,” ती म्हणाली. “आईंनी दिलेला प्रसाद घ्यायचा राहिलाय तुमचा. कप पुढं करा.”